घटस्फोटानंतर मुलांच्या करसवलती : कोणी घ्याव्यात आणि कोणत्या कागदांवर

सांगलीत करसल्ल्याचे काम करताना घटस्फोट झालेली आई किंवा वडील माझ्यासमोर येऊन बसतात, तेव्हा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : "मुलगा कोणाच्या रिटर्नमध्ये दाखवायचा?" प्रश्न साधा आहे, पण आपल्या आयकर कायद्यात त्याला एका वाक्यात उत्तर नाही, कारण मूल 'दाखवण्याचा' असा एखादा रकानाच आपल्या विवरणपत्रात नाही. मुलाशी संबंधित प्रत्येक सवलत वेगळ्या गोष्टीला बांधलेली आहे. शाळेच्या फीची वजावट पैसे कोणी भरले यावर ठरते, दिव्यांग मुलासाठीची वजावट ते मूल मुख्यत्वे कोणावर अवलंबून आहे यावर ठरते, आणि मुलाच्या नावावरील ठेवीचे व्याज कोणाच्या उत्पन्नात मिळवायचे हे त्याचा सांभाळ कोण करतो यावर ठरते. त्यामुळे एकाच मुलाच्या संदर्भात एक सवलत वडिलांकडे आणि दुसरी आईकडे, अशी स्थिती पूर्णपणे कायदेशीर असू शकते. मात्र ती तशी घडवून आणायची असेल, तर तिची मांडणी समझोत्याच्या अटी लिहिल्या जातात त्याच वेळी करावी लागते. हुकूमनामा, म्हणजे न्यायालयाचा घटस्फोटाचा आदेश, हातात पडल्यानंतर आणि जुलै महिना उजाडल्यानंतर ती करता येत नाही.

पुढील माहिती आर्थिक वर्ष २०२५-२६ साठीच्या, म्हणजे १९६१ च्या आयकर कायद्याखाली भरावयाच्या विवरणपत्राला धरून आहे. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू झाला असून त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. सर्वांच्या तोंडी असलेले ८०सी हे कलम तेथे १२३ झाले आहे. क्रमांक बदलले, तरी फी, विमा आणि मुलाचे उत्पन्न यांविषयीचा मूळ विचार तोच राहिला आहे.

आधी करप्रणाली ठरवा

मुलांच्या सवलतींवरून दोन पक्षांमध्ये वाद सुरू होण्यापूर्वी एक गोष्ट तपासून घ्यावी. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून वेगळी निवड केली नाही तर नवी करप्रणालीच आपोआप लागू होते, आणि तिच्यात शाळेची फी, आरोग्य विम्याचा हप्ता, शैक्षणिक कर्जाचे व्याज, दिव्यांग अवलंबितासाठीची वजावट यांपैकी काहीही मिळत नाही. २०२५-२६ साठी नव्या प्रणालीत बारा लाख रुपयांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर, त्यात भांडवली नफ्यासारखे विशेष दराचे उत्पन्न नसेल तर, कलम ८७ए च्या सवलतीमुळे कर शून्य होतो, आणि पगारदारांना ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट वेगळी मिळते. मिरजेच्या एखाद्या रुग्णालयात नोकरी करणारी परिचारिका किंवा साताऱ्यातील शिक्षक यांचे उत्पन्न या मर्यादेच्या पुष्कळ आत असते. अशा व्यक्तीला फीच्या वजावटीचा एक रुपयाचाही उपयोग नसतो, आणि तरीही त्या वजावटीसाठी दोन वर्षे भांडलेली जोडपी मी पाहिली आहेत.

जुनी प्रणाली निवडायची असेल, तर पगारदाराला दर वर्षी विवरणपत्रातच ती निवड करता येते. फक्त विवरणपत्र मुदतीत भरलेले असले पाहिजे. धंदा किंवा व्यवसायाचे उत्पन्न असणाऱ्याला फॉर्म १०-आयईए भरावा लागतो आणि त्याला ये-जा करण्याची मोकळीक नसते. तेव्हा दोघांनी आपापले दोन्ही प्रणालींतील हिशेब आधी मांडावेत. दोघांपैकी कोणाला वजावटीचा खरोखर उपयोग आहे हे कळले, की अर्धा वाद आपोआप मिटतो.

एक नियम मात्र दोन्ही प्रणालींत सारखाच लागू आहे, आणि घटस्फोटित पालकांना सर्वांत जास्त गोत्यात आणणाराही तोच आहे. तो म्हणजे अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, मुलाचे उत्पन्न पालकाच्या उत्पन्नात मिळवण्याचा.

मुलाच्या नावावरील ठेव आणि तिचे व्याज

संमतीने होणाऱ्या बहुतेक घटस्फोटांत मुलाच्या नावावर काही रक्कम ठेवली जाते. ठेव पावतीवर मुलाचे नाव, त्यापुढे 'अ.पा.क.' (अज्ञान पालनकर्ता) आणि आईचे नाव अशी नोंद असते, आणि "पैसे मुलाचे आहेत, त्यावर कसला कर?" अशी सर्वांची समजूत असते. ही समजूत चुकीची आहे. कलम ६४(१ए) प्रमाणे अठरा वर्षांखालील मुलाचे उत्पन्न आई किंवा वडिलांच्या उत्पन्नात मिळवावे लागते. मुलाने स्वतःच्या अंगमेहनतीतून किंवा कला, कौशल्य, विशेष ज्ञान यांतून मिळवलेले उत्पन्न तेवढे याला अपवाद आहे, तसेच कलम ८०यू मध्ये सांगितलेले अपंगत्व असलेल्या मुलाचे उत्पन्नही अपवाद आहे.

ते कोणाच्या उत्पन्नात मिळवायचे, याची दोन उत्तरे कायदा देतो. आईवडिलांचा विवाह अस्तित्वात असेल, तर ज्याचे उत्पन्न जास्त त्याच्या उत्पन्नात. विवाह अस्तित्वात नसेल, तर त्या वर्षात जो मुलाचा सांभाळ करतो त्याच्या उत्पन्नात. येथे 'विवाह अस्तित्वात आहे का' हा शब्दप्रयोग नीट वाचावा. पत्नी मुलाला घेऊन चार वर्षे माहेरी राहत असली, दोघांमध्ये बोलणेही नसले, किंवा न्यायालयाने केवळ न्यायिक विभक्ततेचा हुकूम दिलेला असला, तरी विवाह अस्तित्वातच असतो, आणि म्हणून मुलाच्या ठेवीचे व्याज जास्त उत्पन्न असलेल्या जोडीदाराच्या विवरणपत्रात जाते. ज्याने चार वर्षांत मुलाचे तोंड पाहिलेले नाही, त्यानेही ते दाखवायचे असते. हे त्याला कोणी सांगत नाही, ठेवीची पावती त्याच्याकडे नसते, आणि पुढे कधी विचारणा झाली की तो चकित होतो.

आकड्यांत पाहू. वडील पुण्यात नोकरीला, वार्षिक पगार अठरा लाख रुपये. आई मिरजेत परिचारिका, पगार सहा लाख. मुलीच्या नावावर दहा लाखांची ठेव, दर सात टक्के, म्हणजे वर्षाला सत्तर हजार रुपये व्याज. दोघेही नव्या प्रणालीत आहेत. हुकूमनामा होईपर्यंत हे सत्तर हजार वडिलांच्या उत्पन्नात मिळतात. प्रमाणित वजावटीनंतर ते वीस टक्क्यांच्या टप्प्यात येतात, आणि उपकरासह त्यांना १४,५६० रुपये जास्त कर बसतो. घटस्फोट होऊन मुलीचा सांभाळ आई करू लागली, की तेच सत्तर हजार आईच्या उत्पन्नात मिळतात. तिचे करपात्र उत्पन्न ५,२५,००० वरून ५,९५,००० होते आणि तिचा कर शून्यच राहतो.

इतकेच नव्हे, तर बँकेने कापलेला करही तिला परत मिळतो. एप्रिल २०२५ पासून एका बँकेतील वार्षिक व्याज पन्नास हजारांच्या वर गेले की दहा टक्के टीडीएस कापला जातो. वरील उदाहरणात तो सात हजार रुपये होतो. पॅन दिलेला नसेल तर हाच दर वीस टक्के होतो, आणि चौदा हजार रुपये अडकून पडतात. म्हणून मुलीचे पॅन वेळेवर काढून घ्यावे. एकल मातेला त्या अर्जात वडिलांचे नाव लिहिण्याची सक्ती ५ डिसेंबर २०१८ पासून राहिलेली नाही, ही गोष्ट अनेक मातांना अजूनही ठाऊक नसते आणि केवळ त्या एका रकान्यापायी त्या अर्ज करणे टाळतात. टीडीएस मुलीच्या पॅनवर जमा झाला असेल, तर नियम ३७बीए(२) प्रमाणे, ज्या पालकाच्या उत्पन्नात व्याज मिळवले जाते त्याच्या नावे तो वळवण्याचे निवेदन बँकेला द्यावे आणि विवरणपत्राच्या टीडीएस तक्त्यात मुलीचे पॅन लिहून त्याची मागणी करावी. आयटीआर-२ हे विवरणपत्र भरत असाल, तर मिळवलेले उत्पन्न एसपीआय या तक्त्यात मुलीच्या नावासह दाखवायचे असते. जुन्या प्रणालीत अशा उत्पन्नातून प्रत्येक मुलामागे १,५०० रुपयांची सूट कलम १०(३२) खाली मिळते; नव्या प्रणालीत तीही नाही.

आपल्या भागापुरती एक गोष्ट येथेच सांगतो. उसाचे बिल किंवा द्राक्षांचे, हळदीचे पैसे हे शेतीचे उत्पन्न म्हणून करमुक्त असतात, आणि त्यातून आजोबा नातवाच्या नावाने पतसंस्थेत ठेव करतात. ठेव केल्यानंतर मिळणारे व्याज हे शेतीचे उत्पन्न राहत नाही. पतसंस्थेने टीडीएस कापला नाही, म्हणूनही ते करमुक्त ठरत नाही. ते वरील नियमानेच सांभाळ करणाऱ्या पालकाच्या उत्पन्नात येते.

आता या कलमातील सर्वांत महत्त्वाची, आणि सर्वांत कमी वाचली जाणारी ओळ. मुलाचे उत्पन्न एकदा एका पालकाच्या उत्पन्नात मिळवले गेले, की पुढील वर्षांत ते दुसऱ्या पालकाच्या उत्पन्नात नेता येत नाही. करनिर्धारण अधिकाऱ्याला तसे करणे आवश्यक वाटले, तरच आणि त्या दुसऱ्या पालकाचे म्हणणे ऐकून घेतल्यानंतरच ते हलवता येते. याचा अर्थ असा, की हुकूमनाम्यानंतरचे पहिले विवरणपत्र अत्यंत विचारपूर्वक भरावे. घटस्फोटापूर्वी वडील व्याज दाखवत असतील, तर त्यानंतरच्या वर्षी आईने आपल्या विवरणपत्रात ते घेताना हुकूमनाम्याची सहीशिक्क्याची नक्कल, ताब्याविषयीचा आदेश आणि मुलाच्या खर्चाचे पुरावे एकत्र बांधून ठेवावेत, आणि वडिलांनीही आपण ते का थांबवले याची नोंद स्वतःच्या फायलीत ठेवावी.

शाळेची फी : पावतीवरचे नाव आणि 'हस्ते'चा रकाना

जुन्या प्रणालीत कलम ८०सी खाली, दीड लाखाच्या एकूण मर्यादेत, दोन मुलांपर्यंतच्या पूर्णवेळ शिक्षणाच्या शिक्षण शुल्काची वजावट मिळते. शाळा, महाविद्यालय किंवा विद्यापीठ भारतातील असले पाहिजे; बालवाडी आणि नर्सरीची फीही यात धरली जाते, खासगी शिकवणी वर्गाची धरली जात नाही. येथे मूल कोणाकडे राहते हे कायदा विचारत नाही. पैसे कोणी भरले, एवढेच विचारतो. मुलगा आईजवळ कराडला राहत असला आणि फी वडिलांनी स्वतःच्या खात्यातून थेट शाळेला भरली असली, तर वजावट वडिलांची. वडिलांनी पोटगी आईच्या खात्यात जमा केली आणि आईने त्यातून फी भरली, तर वजावट आईची. वडिलांनी दिली ती पोटगी, आणि पोटगीला वजावट नाही. दोघांनी एकेका सत्राची फी भरली असेल, तर ज्याने जितकी भरली तितकी त्याची. मात्र एकाच पावतीवर दोघांनी पूर्ण वजावट घेणे हा सरळसरळ खोटा दावा आहे.

वाळवा तालुक्यातील एक बाई काही वर्षांपूर्वी प्लास्टिकच्या पिशवीत सहा पावत्या घेऊन आल्या होत्या. पहिलीच पावती मी उलगडली. रक्कम ४२,००० रुपये. तिच्यात शिक्षण शुल्क ३०,०००, सत्र शुल्क २,०००, इमारत निधी ४,००० आणि बस ६,०००, असे चार भाग होते, आणि तळाशी 'हस्ते' या शब्दापुढे मुलाच्या आजोबांचे, म्हणजे वडिलांच्या वडिलांचे नाव होते. बाईंनी दर सत्राला रोख रक्कम सासऱ्यांच्या हाती दिली होती, कारण शाळा त्यांच्या घराजवळ होती आणि नाते तुटले तरी आजोबांनी नातवाची फी भरायला जाणे सोडले नव्हते. त्या सहाही पावत्यांवर बाईंनी पैसे दिल्याची एकही खूण नव्हती. आजोबांना स्वतःला नातवाच्या फीची वजावट मिळत नाही, कारण कलमात 'मुले' आहेत, नातवंडे नाहीत. आणि मुलाच्या वडिलांनी मात्र त्याच पावत्यांच्या छायाप्रती आपल्या कंपनीत आधीच जमा केल्या होत्या. बाईंचे म्हणणे खरे होते, यात मला तिळमात्र शंका नव्हती. पण ते सिद्ध करणारा कागद आम्हां दोघांजवळ नव्हता.

यावरून दोन गोष्टी पाळाव्यात. फी नेहमी स्वतःच्या खात्यातून भरावी, यूपीआयने भरली तरी चालेल, आणि शाळेकडून पावतीवर भरणाऱ्याचे नाव लिहून घ्यावे. हुकूमनाम्याची एक प्रत शाळेच्या कार्यालयात दिली आणि लेखी अर्ज केला, तर शाळेला तशी पावती देणे सोपे जाते. दुसरे म्हणजे पावतीचा एकूण आकडा उचलून विवरणपत्रात भरू नये. वरील पावतीतील शिक्षण शुल्काचे तीस हजार तेवढे धरावेत. इमारत निधी, देणगी आणि बसचे पैसे या वजावटीत बसत नाहीत.

फी कोणी भरणे फायद्याचे, हे मात्र शांतपणे ठरवता येते. वर्षाचे शिक्षण शुल्क साठ हजार आहे, आई नव्या प्रणालीत असून तिला कर नाही, आणि वडील जुन्या प्रणालीत तीस टक्क्यांच्या टप्प्यात आहेत, असे समजा. फी वडिलांनी थेट शाळेला भरली तर उपकरासह १८,७२० रुपयांचा कर वाचतो. तीच आईच्या हातून भरली गेली तर काहीच वाचत नाही. पण भविष्यनिर्वाह निधी आणि गृहकर्जाची मुद्दल यांनीच वडिलांचे दीड लाख भरलेले असतील, तर हा फायदाही कागदावरच राहतो. आईच्या बाजूने मी एवढेच सांगेन, की फी थेट शाळेला भरण्याची अट मान्य करताना ती मासिक पोटगीहून वेगळी आणि तिच्याव्यतिरिक्त आहे, हे समझोत्यात स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावे. तसे लिहिलेले नसेल, तर पुढे थकबाकीसाठी दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करण्याची वेळ आली की भरलेली फी पोटगीतून वळती करण्याची मागणी होते.

पगारातील मुलांच्या शिक्षण भत्त्याची सूट दरमहा प्रत्येक मुलामागे शंभर रुपये, वसतिगृहासाठी तीनशे, दोन मुलांपर्यंत, आणि तीही जुन्याच प्रणालीत आहे. भत्ता ज्याच्या पगारात येतो त्याने ती घ्यावी. तिच्यासाठी समझोत्यात शब्द खर्च करू नयेत.

विमा, सुकन्या आणि कर्ज

आरोग्य विम्याच्या हप्त्याची वजावट कलम ८०डी खाली स्वतः, पती किंवा पत्नी आणि अवलंबित मुले यांच्यासाठी मिळून पंचवीस हजारांपर्यंत आहे. हुकूमनामा झाल्याच्या दिवसापासून आधीची पत्नी ही 'पत्नी' राहत नाही. त्यामुळे नवऱ्याच्या कौटुंबिक पॉलिसीत तिचे नाव तसेच ठेवून पूर्ण हप्त्याची वजावट घेणे चुकीचे ठरते. पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी पॉलिसी वेगळी करावी. मुले ज्या पॉलिसीत राहतील तिचा हप्ता रोखीने भरू नये, कारण रोख भरलेल्या हप्त्याला वजावट नाही. या कलमात 'अवलंबित' शब्दाची व्याख्या दिलेली नाही. म्हणून मुलाच्या औषधोपचाराची आणि विम्याची जबाबदारी कोणावर आहे हे हुकूमनाम्यात लिहिलेले असेल, तर तोच सर्वांत मजबूत आधार ठरतो.

सुकन्या समृद्धी खाते प्रत्येक मुलीचे एकच असू शकते आणि ते नैसर्गिक किंवा कायदेशीर पालकानेच चालवायचे असते. आजीआजोबांनी उघडलेली खाती १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या सूचनांनुसार पालकाच्या नावे करून घ्यावी लागतात. घटस्फोटानंतर त्या खात्यावर पालक कोण, हे टपाल कार्यालयात किंवा बँकेत ताब्याचा आदेश दाखवून एकदाच नीट करून घ्यावे. मुलाच्या नावे भविष्यनिर्वाह निधीचे, म्हणजे पीपीएफचे खाते असेल, तर पालकाचे स्वतःचे खाते आणि मुलाचे खाते मिळून वर्षाला दीड लाखांचीच मर्यादा आहे, हेही लक्षात ठेवावे. या दोन्ही खात्यांचे व्याज करमुक्त असल्याने ते कोणाच्या उत्पन्नात मिळवायचे हा प्रश्नच उद्भवत नाही. मुलाच्या नावाने पैसे ठेवायचेच असतील, तर साध्या ठेवीपेक्षा या खात्यांचा आधी विचार करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

उच्च शिक्षणाच्या कर्जाचे व्याज कलम ८०ई खाली आठ वर्षांपर्यंत, रकमेच्या मर्यादेशिवाय वजा होते. कर्ज ज्याच्या नावे आहे आणि व्याज जो फेडतो, त्याला ही वजावट मिळते. नातेवाइकांकडून घेतलेल्या हातउसन्या पैशांना ती नाही.

दिव्यांग मूल

या विषयावर मी मुद्दाम थांबतो, कारण येथे चूक झाली तर तिचा भार आधीच दमलेल्या पालकावर पडतो. कलम ८०डीडी खाली दिव्यांग अवलंबितासाठी ७५,००० रुपयांची, आणि अपंगत्व ऐंशी टक्के किंवा त्याहून जास्त असल्यास १,२५,००० रुपयांची ठोक वजावट जुन्या प्रणालीत मिळते. उपचार, प्रशिक्षण किंवा पुनर्वसन यांवर खर्च केलेला असावा लागतो, पण खर्च किती झाला यावर रक्कम अवलंबून नसते. ही वजावट, ज्याच्यावर मूल आधारासाठी आणि पालनपोषणासाठी पूर्णपणे किंवा मुख्यत्वे अवलंबून आहे, त्याची आहे. फीसारखी ती पावतीप्रमाणे वाटून घेता येत नाही. मूल आईजवळ राहते, फिजिओथेरपीला तीच नेते, पण खर्चाचा मोठा भाग वडील उचलतात, अशा परिस्थितीत 'मुख्यत्वे' कोण, हे समझोत्यातच दोघांनी लिहून ठेवावे. आयकर अधिकाऱ्यावर ते बंधनकारक नसले, तरी दोघांचे परस्परविरोधी दावे त्यामुळे टळतात.

सरकारी रुग्णालयाचे प्रमाणपत्र आणि दिव्यांग ओळखपत्राचा युडीआयडी क्रमांक जवळ असू द्यावा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असेल, तर फॉर्म १०-आयए विवरणपत्रापूर्वी भरावा. आणि आधी सांगितलेला अपवाद येथे पुन्हा आठवावा : अशा मुलाच्या ठेवीचे व्याज कोणाही पालकाच्या उत्पन्नात मिळवायचे नसते. ते मुलाचे स्वतःचे उत्पन्न असते आणि गरज पडल्यास त्याच्याच पॅनवर, पालकाच्या सहीने, वेगळे विवरणपत्र भरून कापलेला टीडीएस परत मिळवता येतो. मुलाने मात्र स्वतःच्या विवरणपत्रात ८०यू ची, म्हणजे दिव्यांग व्यक्तीला स्वतःला मिळणारी, वजावट घेतली, तर पालकाला ८०डीडी मिळत नाही. दोन्हींपैकी कोणती घ्यायची हे आधी ठरवावे.

पोटगी वेगवेगळी लिहून घ्या

देणाऱ्याला पोटगीची वजावट नाही. घेणाऱ्या पत्नीच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाने महेश्वरी देवी प्रकरणात दिलेला निर्णय आजही मार्गदर्शक आहे : एकरकमी पोटगी ही भांडवली स्वरूपाची असल्याने तिच्यावर कर नाही, तर दरमहा मिळणारी पोटगी हे उत्पन्न आहे. म्हणूनच हुकूमनाम्यात 'पत्नी व मुलीसाठी दरमहा वीस हजार' असे एकत्र वाक्य लिहिले जाऊ देऊ नये. पत्नीची रक्कम आणि मुलीची रक्कम वेगळी लिहावी, शक्य झाल्यास मुलीची रक्कम तिच्या खात्यावर जमा व्हावी. वकीलसाहेब घाईत असतात, तारीख हातची जाऊ नये म्हणून पुरसीस (न्यायालयात द्यायचे लेखी निवेदन) तयार होते, आणि हे एक वाक्य तसेच राहून जाते.

रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठरवून दिलेले उत्पन्न व मालमत्तेचे शपथपत्र आता पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोघांनाही द्यावे लागते. त्या शपथपत्रातील मजकूर आणि विवरणपत्रातील दावे जुळले पाहिजेत. "मुलाचा सर्व खर्च मीच करते" असे शपथेवर सांगणाऱ्या आईच्या ठेवीच्या व्याजाचा पत्ता विवरणपत्रात नसेल, किंवा "मुलाची फी मी भरतो" म्हणणाऱ्या वडिलांच्या बँक पासबुकात शाळेचे नाव कोठेच नसेल, तर समोरचा वकील ती विसंगती बरोबर हेरतो.

एक पालक अमेरिकेत असेल तर

सांगली आणि सातारा या आपल्या दोन्ही जिल्ह्यांतील अनेक मुले-मुली अमेरिकेत नोकरीला आहेत, आणि घटस्फोटानंतर नातवंड आईसोबत येथे परतलेले असते. तेथील कायद्यात मूल 'अवलंबित' म्हणून खरोखरच एका पालकाच्या विवरणपत्रात दाखवावे लागते. वर्षात जास्त रात्री मूल ज्याच्याकडे राहिले तो ताबाधारक पालक, आणि मूळ हक्क त्याचा. त्याने फॉर्म ८३३२ वर सही करून हक्क सोडला, तरच दुसऱ्या पालकाला मूल दाखवता येते. २००८ नंतरच्या घटस्फोटांत हुकूमनाम्याची पाने जोडून ते काम भागत नाही. मूल अमेरिकेचे नागरिक नसेल आणि साताऱ्यात राहत असेल, तर ते तेथे अवलंबित म्हणून दाखवताच येत नाही. सांगलीच्या न्यायालयातील समझोत्यात "करसवलत वडील घेतील" एवढे लिहिल्याने तेथील अधिकाऱ्यांचे समाधान होत नाही, म्हणून फॉर्मवर दर वर्षी सही करायची की नाही, आणि त्याच्या बदल्यात काय, हे समझोत्यात वेगळे नमूद करावे.

मूल अठरा वर्षांचे होते तेव्हा

मुलाच्या अठराव्या वाढदिवसाला ही सर्व व्यवस्था बदलते. त्या दिवसापूर्वी जमा होत गेलेले व्याज सांभाळ करणाऱ्या पालकाच्या उत्पन्नात मिळते, आणि त्यानंतरचे मुलाच्या स्वतःच्या. वाढदिवस नोव्हेंबरात असेल, तर बँकेकडून त्या तारखेपर्यंतच्या व्याजाचा वेगळा दाखला मागून घ्यावा, कारण वार्षिक प्रमाणपत्रात दोन्ही भाग एकत्र येतात. ठेव पावतीवरील 'अ.पा.क.' ही नोंद काढून मुलाची सही नोंदवावी, आणि अज्ञानपणी काढलेल्या पॅनवर छायाचित्र व सही नसते, म्हणून ते नव्याने करून घ्यावे. त्या वर्षी घरात दोन विवरणपत्रे भरली जातात : आईचे, वाढदिवसापर्यंतच्या व्याजासह, आणि मुलाचे, उरलेल्या व्याजाचे व त्यावर कापल्या गेलेल्या टीडीएसच्या परताव्याचे.